माय जिथं ‘हं’ म्हणायची थांबली

मागच्या महिन्यात धाराशिवच्या एका कॉलेजात मला कथालेखनावर बोलायला बोलावलं होतं. मी कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर लोकांच्या साक्षी टाईप करते आणि उरल्या वेळात गोष्टी लिहिते. दोन-चार पुस्तकं निघालीत, तेवढ्या भांडवलावर अशी बोलावणी येतात. शाल झाली, नारळ झाला, ओळख करून देताना माझ्याच पुस्तकाचं नाव चुकवून झालं, आणि मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, गोष्ट संपली हे लिहिणाऱ्याला कळतं कसं?"

याचं उत्तर माझ्याकडं कायम तयार असतं. "ऐकणारा ‘हं’ म्हणायचा थांबतो ना, त्याच्या जरा आधी संपवायची," मी म्हणाले. मुलं हसली, सगळ्यांनी ते लिहून घेतलं, प्राध्यापकांनी मान डोलावली. वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले आहे. त्या दिवशी मात्र बोलता बोलता माझा मलाच राग आला. कारण घरी माझी माय अंथरुणावर पडून होती, उठल्यापासून झोपेपर्यंत ‘हं’ म्हणत होती, आणि काही केल्या थांबत नव्हती.

हे ‘हं’ कुठून आलं ते आधी सांगायला पाहिजे. माझं आजोळ भूमकडचं, मेंढरं राखणारं. कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, खत रानाला मिळायचं आणि बदल्यात यांना धान्य. राखणीला जागं राहायचं म्हणून आजोबा गोष्ट सांगायचे आणि कुणीतरी एकानं हुंकार द्यायचा, दर वाक्याला ‘हं’. त्याचे कायदे कडक होते. हुंकार आला नाही की सांगणारा गप्प. ऐकणाऱ्याला हलवायचं नाही, ‘ऐकतोस का’ म्हणून विचारायचं नाही. आणि हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्यानं थांबायचं नाही, मग घसा कोरडा पडला तरी. दुसऱ्या दिवशी आजोबा विचारायचे, "कुठवर आलतो गं?" ज्यानं हुंकार दिला त्यानंच ते सांगायचं, आणि गोष्ट तिथून पुढं निघायची. भावंडांत मायला झोप कमी, म्हणून हे काम तिच्याकडं आलं. लग्न होऊन सासरी येईपर्यंत तिनं ते केलं.

वडील गेल्यावर माय माझ्याकडं राहायला आली. मला भाऊ नाही, त्यामुळं कुणाकडं राहायचं यावर चर्चाही झाली नाही. अक्षरांशी तिचं कधी जमलं नव्हतं. मी लिहिते म्हणजे नेमकं काय करते हे कळेना, तेव्हा ती एका रविवारी म्हणाली, "वाच की मोठ्यानं. म्या हुंकार देते." ती मेथी निवडत होती, मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून वाचत होते. पहिल्या पानाला एकही हुंकार आला नाही. दुसरं पानही तसंच गेलं. तिसऱ्या पानावर एक बाई रागानं घागर आपटते, तिथं पहिला ‘हं’ आला. मी वरची दोन्ही पानं काढून टाकली. गोष्ट तिथूनच सुरू होत होती, मी उगीच अंगण झाडत बसले होते.

तेव्हापासून माझी सगळी दुरुस्ती अशीच झाली. हातात पेन्सिल घ्यायची आणि हुंकार लांबला की कडेला रेघ मारायची. तिच्या ‘हं’चे प्रकार मला कानानं ओळखता यायला लागले. सरळ, आखूड ‘हं’ म्हणजे चाललंय ते बरं चाललंय. ओढलेला ‘हंऽ’ म्हणजे हे मला ठाऊक आहे, फुडं सरक. माणूस बोलायला लागलं की हुंकार पटापट यायचे. बोलणारा कसा बोलला, खिन्नपणे की उद्वेगानं, हे मी सांगायला लागले की हुंकार बसायचा. म्हणून मी संवादामागची ती शेपटं तोडली. उपमा दिली की ती पाल्यावरून नजर उचलायची. एकदा मी वाचलं, की संध्याकाळ जखमी पाखरासारखी रानात उतरली. माय म्हणाली, "कोनाचं पाखरू?" ते पाखरू मी त्याच दिवशी उडवून लावलं.

कुणाला वाटेल, म्हातारी मोठी मर्मज्ञ होती. तसलं काही नव्हतं. एका कादंबरीतलं लग्नाचं अख्खं प्रकरण मी तिचा हुंकार बंद पडला म्हणून काढून टाकलं. नुसतं काढलं नाही, जपून ठेवायचीही तसदी घेतली नाही. पुढच्या रविवारी ती विचारते, "त्या लग्नाचं काय झालं गं? परवा गॅस संपत आलता, माझं ध्यान त्या शेगडीकडं." मी कपाळाला हात लावला. ते लग्न मला पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला वऱ्हाडात तो जोर आला नाही. माझा नवरा आठवडाभर हसत होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, काढलेलं फेकू नका, कुठंतरी पडू द्या. माणसाचं लक्ष शेगडीकडंही असू शकतं.

कापायचं कसं हे मी कोर्टातही शिकले. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, "म्हस सोडाया चाललो होतो साहेब, वारं लई सुटलं होतं, माझ्या एका पायातली चप्पल तुटलेली, म्हनून म्या बांधावर बसलो." आणि साहेब मला लिहायला सांगतात, ‘मी घटनेच्या वेळी शेतात हजर होतो.’ कोर्टाला तेवढंच लागतं. गोष्टीचं उलटं असतं. ‘हजर होतो’ कापायचं आणि चप्पल ठेवायची. हे मी कितीतरी ठिकाणी सांगून टाळ्या घेतल्यात.

आता त्या कादंबरीचं सांगते, जिच्यापायी हे सगळं लिहायला बसले आहे. तेरखेड्यासारख्या फटाक्यांच्या एका गावातली बाई, शेडमध्ये बसून फटाक्यांसाठी कागदाच्या नळ्या वळणारी. तिचा नवरा मेंढरं घेऊन बाहेर पडतो आणि त्या वर्षी परत येत नाही. ती वाट बघत नाही, असं ती सगळ्यांना सांगते, आणि रोज बघते. दोन वर्षं मी ती लिहीत होते आणि माय हुंकार देत होती. शेवटच्या प्रकरणात तो परत येतो. दारात उभा राहतो, ती ‘या’ म्हणत नाही, ‘जा’ म्हणत नाही, ताट वाढते. तो जेवायला बसतो.

तो दारात येईपर्यंत हुंकार नीट येत होते. तो जेवायला बसला आणि माय गप्प झाली. मी तरी वाचत राहिले, शेवटपर्यंत. एकही ‘हं’ नाही. शेगडी बंद होती, मी आधी तेच बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

"काय झालं, माय?"

"इथं कायतरी चुकलंय गं."

"काय चुकलंय? त्यानं यायला नको होतं का?"

"तसं न्हाय." तिनं थोडा वेळ विचार केला. "उद्या सांगते. दिवाबत्तीची येळ झाली, ऊठ."

मी उठले. इतक्या वर्षांची सवय होती, ती उद्या म्हणाली की उद्या सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठता येईना. उजवी बाजू लुळी पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. जीव वाचला. बोलणं गेलं. काही दिवसांनी, मी तिच्या केसांना तेल लावताना नवऱ्याला कसलं तरी बिल कुठं ठेवलंय ते सांगत होते, तेव्हा तिच्या तोंडून पहिला आवाज आला. ‘हं.’ मी आनंदानं ओरडलेच. शेजारच्या खाटेवरची माणसं दचकली. मला वाटलं आता एकेक शब्द परत येईल. तो एकच आला, आणि तेवढाच राहिला.

डॉक्टर भले होते. मी विचारलं, हिला समजतं का? ते म्हणाले, "समजत असेल. नसेलही. नुसता आवाजही असू शकतो, काही पेशंटच्या तोंडात असा एखादा आवाज राहून जातो. घरी न्या, बोलत राहा." बोलत राहा, हे मला कुणी सांगायला नको होतं. मला एकच जाणून घ्यायचं होतं, आणि आजही तेवढंच जाणून घ्यायचंय: माय ऐकतेय का.

घरी आल्यावर मी शेवटचं प्रकरण काढलं. माझा हिशेब सोपा होता. कुठं चुकलंय ते तिनं सांगितलं होतं, काय चुकलंय ते राहिलं होतं. मी नव्या लोकांना नेहमी सांगते, की ऐकणाऱ्याला कुठं दुखलं एवढंच विचारा, का दुखलं ते तुमचं तुम्ही शोधा. त्याचं ‘का’ बहुतेक वेळा चुकीचं असतं. सांगायला काय जातंय! मी शोधायला बसले. मी गोष्टीतल्या नवऱ्याला जेवू घातलं नाही, नुसतं पाणी दिलं. माय म्हणाली, ‘हं.’ मी त्याला दारातूनच परत पाठवला. ‘हं.’ मी त्याला आणलाच नाही, बाई शेवटी दाराला कडी लावते. ‘हं.’ मी बाईलाच घर सोडायला लावलं, एसटीत बसवलं, खिडकीतून फटाक्यांची दुकानं मागं जाताना दाखवली. चांगलं झालं होतं ते, मला स्वतःला आवडलं होतं. ‘हं.’ प्रत्येक वाक्याला, न चुकता, एकाच उंचीचा, एकाच लांबीचा हुंकार. लांबलेला नाही, तुटका नाही. रेघ मारायला पेन्सिल हातात होती, पण मारायची कुठं?

मग मी कोर्टातल्या वकिलासारखी उलटतपासणी घेतली. "माय, तो परत यायला नको होता ना?" ‘हं.’ "की यायलाच पाहिजे होता?" ‘हं.’ "बाईनं त्याला माफ केलं ते चुकलं?" ‘हं.’ "माफ केलं ते बरोबर?" ‘हं.’ दोन्ही पक्षांना हो म्हणणारे साक्षीदार मी खूप पाहिलेत. साहेब वैतागतात, वकील एकमेकांकडं बघून हसतात, आणि पुढची तारीख पडते. मला कोण तारीख देणार होतं? मी तिचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ऐकू येत असेल तर दाब." तिनं दाबला. "आता दाबू नको." तिनं दाबलेलाच ठेवला. सोडेचना. मला त्यातून काहीच ठरवता आलं नाही, आणि हात काढून घेववेना.

मी परीक्षाही घेऊन बघितली. मध्येच भलतंच वाचलं. मेंढरं उडाली आणि देवळाच्या कळसावर जाऊन बसली. ‘हं.’ एका फौजदारी खटल्याचा पंचनामा वाचला. ‘हं.’ माझं वाचणं थांबवलं आणि स्वयंपाकाला लागले तर कुकरची शिट्टी झाली, आतून आवाज आला, ‘हं.’ पुढची शिट्टी. ‘हं.’ नवऱ्याला आधी हसू आलं आणि मग त्यानं तोंड फिरवलं. मी गॅस बंद केला. त्या दिवशी भात कच्चाच खाल्ला आम्ही.

एकदा मात्र मी तिच्यावर ओरडले. "नुसतं हं हं काय लावलंयस! चुकलंय म्हणालीस ना? मग सांग की काय चुकलंय!" तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे ओले होते, पण ते आता कायमच तसे असतात, उजव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. ‘हं,’ ती म्हणाली. मी तिचं तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन गॅलरीतले कपडे काढत बसले, जे आणखी तासभर वाळायचे होते.

पुण्याहून संपादक बाईंचे फोन येत होते. त्या समजूतदार आहेत. त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं होतं, पहिलंच, ताट वाढण्याचं. "अहो, उत्तम आहे ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही उगीच घोळ घालताय. सोमवारी फाईल पाठवा, छपाईचं ठरलंय." मी त्यांना म्हणाले, त्यात काहीतरी चुकलंय. "काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ते मला माहीत नाही. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. लिहून थकलेल्या माणसाला सगळंच चुकलेलं दिसतं, हेही मी भाषणांत सांगते.

कॉलेजातलं ते भाषण याच दिवसांतलं. बोलून मी रिक्षानं घरी आले, शाल खुर्चीवर टाकली. मायची खाट समोरच्या खोलीत खिडकीशी ठेवली आहे. सांभाळायला येणारी बाई म्हणाली, "आज लई बोलल्या आजी." मी धावतच आत गेले. "काय बोलल्या?" ती म्हणाली, "तेच की, हं हं. म्या माझ्या पोरीचं सांगत होते, तर सारखं हं हं." तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिच्या पोरीचं कुणीतरी ऐकून घेतलं होतं. मला तिचा हेवा वाटला. मी बॅगेतून नारळ काढून तिला दिला आणि घरी पाठवलं.

फाईल पाठवायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी शेवटचं एकदा वाचायला बसले. कुठलं प्रकरण वाचायचं? माझ्याकडं आता भाराभर शेवट होते आणि त्यातला एकही दुसऱ्यापेक्षा खरा वाटत नव्हता. कुणी मला असं विचारलं असतं तर मी म्हणाले असते, पहिल्याकडं परत जा. तेच केलं. पहिलाच, ताट वाढण्याचा शेवट काढला. मी सावकाश वाचलं. तो दारात आला. ‘हं.’ तिनं ताट मांडलं. ‘हं.’ मग ती जागा आली, तो जेवायला बसतो ती. मी वाक्य संपवलं आणि थांबले. देवाला सांगायचं काही उरलं नव्हतं, तरी सांगितलं, की आता ही गप्प राहू दे. एकदाच. मला दुसरं काही नको. गप्प राहिली तर मला कळेल की ती आत आहे.

‘हं,’ माय म्हणाली.

मी पुढं वाचत राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. कागद खाली ठेवले.

‘हं.’

"संपली, माय," मी म्हणाले. "एवढीच आहे."

‘हं.’

"झाली ती. उद्या पाठवते पुण्याला."

‘हं.’

ती माझ्याकडं बघत होती. हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्यानं थांबायचं नाही. हे मला तिनंच सांगितलं होतं, मेथी निवडताना, हसत हसत. तिच्या वडलांचा घसा बसायचा, तरी ते थांबायचे नाहीत म्हणे. ती ऐकत असेल, तर पुढचं मागत होती. आणि ती ऐकत नसेल, तर मी कुणासाठी थांबणार होते? मला दुसरं काही करता येईना. मी सांगायला लागले. लिहिलेलं नव्हतं, ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, मग त्याचं जेवण झालं. ‘हं.’ मग त्यानं हात धुतला. ‘हं.’ मग बाईनं ताट उचललं आणि घासायला बसली. ‘हं.’ वाईट वाक्यं होती सगळी. पहिल्या खर्ड्यातही मी असली लिहीत नाही. मग मेंढरं आली, मग शेजारीण आली, मग पोराचं लग्न ठरलं. बाहेर ऊन उतरलं तरी मी सांगतच होते. नवऱ्यानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. शेवटी मायचे डोळे मिटले आणि हुंकार थांबला, तेव्हा मी थांबले. त्या क्षणी मी काय सांगत होते तेही मला आता आठवत नाही.

सोमवारी फाईल पाठवली. त्यात जे चुकलंय ते तसंच छापून येईल. वाचणाऱ्या कुणाला तरी तिथं टोचेल, मला तो विचारील, आणि माझ्याकडं उत्तर नसेल.

कोर्टातून घरी आले की मी हात-पाय धुते, तिला कुशीवर वळवते, खाटेशी स्टूल ओढते. आजोबा विचारायचे तेच विचारते. "कुठवर आलतो गं, माय?"

‘हं,’ ती म्हणते.

मग मी कुठूनही सुरू करते.